भुऱ्याचा खांदा

सुभद्राआत्या, माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं त्याच्या मुळाशी तू आहेस, हे मी तुझ्यासमोर कधी बोललो नाही. आज कागदावर लिहितो आहे, आणि लिहिता लिहिता आठवलं की तुला वाचता येत नव्हतं. माझं नेहमी असंच झालं. तुझ्यासाठी जे केलं ते तुझ्या उपयोगी पडणार नाही अशा रीतीनेच केलं.

तू गेल्यावरचा जलदान विधी परवा झाला. मंडळी बोलायला उभी राहिली. आईबाप गेलेल्या भावाच्या पोराला सुभद्राबाईनं कसं वाढवलं, लोकांच्या वावरात निंदण-वेचणी करून कसं बी.ए. केलं, हे सगळ्यांनी सांगितलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखामुळे. दुःख होतंच. पण मला बोलू दिलं नाही ते लाजेनं. कारण मला त्या वेळी माझं शिक्षण आठवत नव्हतं. तुझा कुत्रा भुऱ्या आठवत होता. तो मंडपाच्या कडेला तीन पायांवर उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येक बाईच्या लुगड्याचा वास घेऊन परत जागेवर जात होता.

भुऱ्या कोणाचा, कुठला, हे तुलाही सांगता आलं नसतं. एकदा निंदणाहून येताना तुझ्या मागे आला आणि राहिला. त्याच्या पुढच्या डाव्या पायाला, कोपराच्या वर गाठ आली तेव्हा तुला वाटलं बाभळीचा काटा मोडला असेल. तू हळद-चुना लावलास, बिब्ब्याचा चटका दिलास. गाठ वाढत गेली आणि मग फुटली. मी दिवाळीच्या सुट्टीत वाशीमहून घरी आलो तर घरात शिरतानाच वास आला. तू त्याच्या पायावरच्या माश्या पदरानं वारत बसली होतीस. मला म्हणालीस, "आला का बापा? हात-पाय धू. आज याचं जरा ठीक नाई."

किसनरावांनी ती जखम पाहिली. त्यांच्या वावरात तू वर्षानुवर्षं कामाला जात होतीस. आदल्या साली त्यांच्या ढवळ्या बैलाचं शिंग कॅन्सरनं सडलं होतं आणि वाशीमच्या ढोराच्या डॉक्टरानं ते मुळापासून कापलं होतं. त्यामुळे कॅन्सर हा शब्द आपल्या साऱ्या रिठद गावाला ठाऊक झाला होता, पण शिंगाचा रोग म्हणून. किसनराव म्हणाले, "सुभद्रे, ढवळ्याच्या शिंगात अस्संच व्हतं. हा कॅन्सरच हाय." ही बातमी पारावर गेली आणि माणसं पोट धरून हसली. गणपत म्हणाला, "काहून वं सुभे, कुत्र्याले कॅन्सर कसा व्हईन? त्याले शिंगं कुठं हायत?"

तू पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन चालली होतीस. थांबलीसही नाही. "शिंगं तं तुलेबी दिसत नाईत, पन मारतंच नं लोकाईले?"

त्यावर पार पुन्हा हसला, या खेपेला गणपतला. मीही हसलो. पण घरी आल्यावर मी तुला जे म्हणालो ते गणपतच्याच जातीचं होतं, फक्त कॉलेजच्या भाषेत. मी म्हणालो, "आत्या, आपल्या इथं माणसाले औषध भेटत नाही. कुत्र्यासाठी तू वाशीमले जाशील?"

"मानसाले तोंड हाय मागाले," तू म्हणालीस. "याले नाई. किसनराव बंडी देऊन राह्यले. तू संगं येतं का, तेवढं सांग."

मी आलो. येऊ नये असं वाटत असताना आलो. बैलबंडीत कुटाराचा भुसा अंथरून भुऱ्याला निजवलं होतं. वाशीमच्या दवाखान्यात लिंबाखाली बैल बांधलेले, त्यांचे धनी बिड्या ओढत बसलेले. त्यांच्यामधून तू कुत्र्याला लेकरासारखं दोन्ही हातांवर घेऊन चाललीस, आणि मी तुझ्या जरा मागे राहिलो. वाट द्यायला म्हणून राहिलो, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

डॉक्टर पुण्याकडचे होते. चांगला माणूस, पण दिवसभर बैलांत उभा राहून कंटाळलेला. त्यांनी गाठ दाबून पाहिली, काखेत हात घालून चाचपलं. म्हणाले, "किसनराव काय म्हणाले ते तुम्ही सांगितलंत, ते बरोबर आहे. कॅन्सरच दिसतो. वर पसरलेला नाही अजून, पण पाय खांद्यापासून काढावा लागेल. आणि बाई, शिंग काढलेला बैल नांगराला चालतो. तीन पायांच्या कुत्र्याचा तुम्हाला काय उपयोग?"

तू म्हणालीस, "बैल कामाले येते म्हनून त्याचं शिंग काढता. याचं तं कायच काम नाई साहेब. याले नुसतं जगायचं हाय."

डॉक्टरांनी कंपाउंडरला पाणी उकळायला सांगितलं.

ऑपरेशनच्या वेळी त्यांनी मला बोलावलं. "तुम्ही शिकलेले दिसता. डोकं धरा, घाबरू नका." मी भुऱ्याचं डोकं धरलं. गुंगीच्या औषधानं त्याची जीभ एका बाजूला लोंबत होती. सुरुवातीला मी पाहत होतो, मग मी डोळे मिटले, आणि तो पाय घमेल्यात पडल्याचा आवाज आला तेव्हा मी डोकं सोडून बाहेर पळालो आणि लिंबाच्या बुंध्याशी ओकलो. पुढचं सगळं कंपाउंडरनं धरलं. तू खिडकीच्या गजांशी उभी होतीस. तुला सगळं दिसत होतं. तरी गावात जाऊन तू काय सांगितलंस? "माह्या देव्यानं धरलं म्हनून वाचला. डॉक्टर म्हने, असा शिकेल मानूसच लागते." पुढे कित्येक वर्षं रिठदमध्ये कोणाचं ढोर आजारी पडलं की मला विचारायचे. मी सांगायचो, मला त्यातलं काही कळत नाही. लोक म्हणायचे, पाहा, किती नम्र पोरगं आहे. आत्या, तू दिलेला मान मला परतही करता आला नाही.

रोज पट्टी बदलायची होती, म्हणून तू आणि भुऱ्या माझ्या वाशीमच्या खोलीत राहिलात. वेचणीचे दिवस होते. सगळ्या बाया कापसात होत्या आणि तू माझ्या खोलीत कुत्र्याला धरून. घरमालक दोनदा येऊन दारातून बघून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, "घान व्हनार नाई भाऊ. व्हईन तं मी हावो." रोज पहाटे तू खोली तर सारवायचीसच, त्यांचा ओटाही सारवून टाकायचीस. मग ते पुन्हा आले नाहीत.

जखम चाटू नये म्हणून काय करायचं, डॉक्टरांनाही सुचत नव्हतं. तू एका जुन्या टोपलीचा तळ कापलास, कडांना चिंधी गुंडाळलीस आणि ती भुऱ्याच्या गळ्यात घातलीस. गल्लीतली पोरं ओरडायची, "नवरदेव आला, नवरदेव आला!" पाणी प्यायला वाकला की तो तोंडावर पडायचा, तर भांडं विटेवर ठेवलंस. पोत्याचा पट्टा करून त्याच्या छातीखालून घेतलास आणि त्याचं वजन उचलत त्याच्या मागे-मागे चालायचीस. कान खाजवावासा वाटला की त्याचा उरलेला खांदा नुसता हलायचा, पाय असल्यासारखा. ते पाहून मी मान वळवायचो. तू बसल्या जागेवरून हात लांब करून त्याचा कान खाजवायचीस आणि आपलं काम चालू ठेवायचीस.

रोग पुन्हा उलटू नये म्हणून डॉक्टरांनी अकोल्याहून इंजेक्शनं मागवली. ती फार वाईट होती. इंजेक्शन घेऊन आला की भुऱ्या ओकायचा, भाकरीकडे पाठ करून बसायचा, अंगावरचे केस विरळ झाले. एकदा तो असा निपचित पडला की मी म्हणालो, "आत्या, आता पुरे. आपण त्याचे हाल करून राह्यलो." तू त्याच्याजवळ जाऊन बसलीस आणि विचारलंस, "काय रे, पुरे का?" त्यानं शेपूट एकदा जमिनीवर आपटली. तू म्हणालीस, "नाई म्हंते." मला वाटलं, कुत्र्याच्या शेपटीचा अर्थ तुला हवा तसा तू लावते आहेस. आजही मला नक्की माहीत नाही की तू बरोबर होतीस. इतकंच माहीत आहे की मी पुरे म्हणालो तेव्हा माझ्या मनात भुऱ्या नव्हता. मला माझी खोली परत हवी होती.

आणि ते तुला कळलं होतं. कारण त्याच आठवड्यात माझे कॉलेजचे दोन मित्र आले. मी दाराशी उभा राहिलो, आत या म्हणू की नको असा. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, टोपलीतल्या भुऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मला विचारलं, "हे कोण?" मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, मी सांगणार होतो. पण मला जो एक क्षण लागला तेवढा तुला पुरला. तू हसून म्हणालीस, "मी कुत्र्याची बाई व्हय बापा. हे भाऊ भले हायत, जागा देल्ली." आणि पदर सारखा करून भुऱ्याला घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसलीस, ते जाईपर्यंत.

मी मागून येऊन काही बोललो नाही. संध्याकाळी आंबाडीची भाजी केली होतीस आणि मला आग्रह करून वाढलीस. पुढे आपण किती गोष्टींवर हसलो, गणपतच्या शिंगांवर, टोपलीच्या नवरदेवावर. पण कुत्र्याची बाई हा शब्द तुझ्या-माझ्यामध्ये पुन्हा कधी निघाला नाही.

मग एका सकाळी भुऱ्या पट्ट्याशिवाय उठला. गल्लीतून एक शेळी चालली होती, तिच्यामागे धावला, हनुवटीवर आपटला. मी उचलायला निघालो तर तू माझा सदरा धरलास. "उठू दे. तुले काय मी हात धरून कॉलेजात नेलं व्हतं?" तो उठला. पुन्हा पडला, पुन्हा उठला. शेळी केव्हाच निघून गेली होती, पण तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून वळून त्यानं तुझ्याकडे पाहिलं. तू डोळ्यांना पदर लावलास. मला म्हणालीस, "चुलीचा धूर व्हय." चूल पेटलेली नव्हती.

माझा निकाल लागला तो पुढच्या उन्हाळ्यात, आणि त्यानंतरचा पोळा मला विसरता येत नाही. मी नवा ग्रॅज्युएट, डोक्यात नवे विचार. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात खांदशेकणी चालली होती. ज्यांच्या घरी बैल ते बैलांच्या खांद्याला गरम हळद-तूप लावून पळसाच्या पानानं शेकत होते आणि त्यांच्या कानाशी म्हणत होते, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आपल्या घरी बैल कधी नव्हता. मी अंगणात आलो तर तू भुऱ्याला समोर बसवून, पळसाचं पान तेल-हळदीत बुडवून, त्याच्या पाय नसलेल्या खांद्याचा व्रण शेकत होतीस. आणि त्याच्या कानाशी वाकून तेच म्हणालीस.

मी चिडलो. म्हणालो, "आत्या, दीक्षा घेतल्यावर घरातले देव तूच टोपलीत भरून पाण्यात सोडले नं? मग हे काय? आपण हे सगळं सोडलं."

"मी कोन्या देवाले हात जोडले का? बैलाचा खांदा दुखते म्हनून शेकतात. याचा तं खांद्याखालचा पायच गेला. याचं दुखत नसन?"

"शेक ना मग. पण आवतन कायले? तो इथंच राहतो, इथंच खातो. उद्या जेवाले कुठून येणार आहे?"

तेव्हा तू हात थांबवलास. म्हणालीस, "देव्या, रोजचं खानं वेगळं अन् बोलावून जेऊ घालनं वेगळं. आपल्याले या गावानं लय खाऊ घातलं. शिळं घातलं, वरून टाकलं. पन कोनं आवतन देल्लं का कधी? म्हनून मी देतो. माह्या दारात जो हाय त्याले मी देतो."

मी म्हणालो की ही भावना ठीक आहे, पण रूढी ती रूढीच. तू म्हणालीस, "बरं बापा, तू शिकेल हायस." आणि पुन्हा शेकायला लागलीस. वाद तिथंच राहिला. दर पोळ्याला मला वाटायचं, या वर्षी नीट समजावून सांगू. आता मला कळतं की समजावून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. माझं म्हणणं पुस्तकात बरोबर होतं आणि त्या अंगणात नव्हतं.

मला नोकरी लागली मंगरूळपीरला. फार लांब नाही. दर सणाला मी घरी यायचो, तुला लुगडं आणायचो, भुऱ्याला बिस्किटं. पण तुला मी माझ्या खोलीवर कधी बोलावलं नाही. टाळलं, असं नव्हतं. घरच्या माणसाला काय बोलवायचं, तिचंच तर घर आहे, वाटेल तेव्हा येईल, असं मी धरून चाललो होतो. आणि तू आली नाहीस. गावातल्या बायांनी विचारलं तर म्हणायचीस, "त्याले कामं असतात." एकदा आमच्या हेडक्लार्कनी मला घरी जेवायला बोलावलं. आदल्या दिवशी स्वतः माझ्या टेबलाशी आले, म्हणाले, "उद्या आमच्याकडे जेवायचं बरं का, वाट पाहतो." जेवण साधंच होतं. पण त्यांच्या ताटावर बसलो आणि मला पळसाचं पान आठवलं. तीन पायांच्या कुत्र्याला तू दर वर्षी जे देत आलीस, ते मी तुला एकदाही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तुला पत्र टाकलं. ते तुला किसनरावांनी वाचून दाखवलं. पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं. आवतनाची ओळ आली तशी तू जोरात हसलीस, "मले काय बैल समजून राह्यला काय हा?" किसनराव मात्र वाचता वाचता अडखळले, कारण त्यांच्या दारात तू इतकी वर्षं राबलीस आणि त्यांनीही ते शब्द तुला कधी म्हटले नव्हते. हे मी म्हणत नाही, ते म्हणाले, मान खाली घालून. शेवटच्या ओळीचा अर्थ त्यांना लागला नाही. तू मात्र म्हणालीस, "तेवढं एक बार अजून वाचा." मग लुगडं धुऊन वाळत टाकलंस. म्हणालीस, "पोळा झाला का जातो. आंदी याचा खांदा शेकतो."

पोळा यायच्या आधीच, निंदणात, छातीत दुखतं म्हणून तू बांधावर बसलीस. भुऱ्या शेजारी होता. बाया पाणी घेऊन येईपर्यंत तू गेली होतीस.

आज खांदशेकणी आहे. दुपारी मी पळसाची पानं आणली, तेल-हळद गरम केली. भुऱ्या माझ्यासमोर बसेना. दाराकडे तोंड करून उभा राहिला, तर मी तसंच उभ्यानं शेकलं. माझा हात तुझ्यासारखा नाही. तेल जरा जास्त गरम होतं, तो दचकला, पण त्यानं खांदा काढून घेतला नाही. त्याच्या कानाशी वाकलो.

तेवढ्यात किसनराव आले. हातात तुपाची वाटी. अंगणातच उभे राहून म्हणाले, "देविदास, उद्या आमच्या घरी जेवाले या. पंगतीत. भुऱ्यालेबी आन." मी त्यांना अजून काही उत्तर दिलेलं नाही. ते बोलावणं माझं नाही, तुझं आहे. तुझ्या पानावर मी कसा बसू?

भुऱ्याला मी मंगरूळपीरला नेणार आहे. तुझं वाळवलेलं लुगडं घडी घालून पेटीत होतं, आणि त्यावर ठेवलेलं माझं पत्र. तुला वाचून दाखवलेलं आहे, तरी पुन्हा इथं उतरवून काढतो. तुला मी दिलेली एवढी एकच गोष्ट वेळेत पोचली.

"तीर्थरूप आत्यास, सप्रेम जयभीम.

मी खुशाल आहे. तुझी तब्येत सांभाळ, उन्हात फार जाऊ नको. पत्र किसनरावांकडून वाचून घे, त्यांनाही माझा नमस्कार सांग.

आत्या, आवतनावरून आपला वाद झाला होता, तो मी हरलो आहे. इतकी वर्षं मी तुझ्या हातचं खाल्लं, पण माझ्या घरी तुला कधी बोलावलं नाही. म्हणून आज रीतसर लिहितो. आज आवतन घे, उद्या जेवाले ये. स्वयंपाक मी करणार आहे, चांगला होणार नाही, पण तू खाशील. भुऱ्याले संगं आन. एस.टी.त त्याले बसू देत नाहीत, तर मी इथून बंडी घेऊन येतो. खोली लहान आहे, पण दारासमोर ओटा आहे. ओट्यावर भुऱ्या बसेल. तू आत बसायचं.

आजूबाजूचे लोक विचारतील, ही कोण. या वेळी तू काही बोलू नको. मी सांगतो.

तुझा,
देविदास"